वऱ्हाडातील ‘ऱ’ आणि संगणक-प्रणालीची निवड

व्यापारी संगणक-प्रणाली सोडून मुक्त प्रणाली स्वीकारावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा खर्चाच्या अंगानेच होते. अमरावती-अकोल्याच्या भाषाभ्यासकापुढे तो निराळ्या रूपाने उभा राहतो. ‘वऱ्हाड’ या नावातच मराठीचा तो अर्धा ‘र’ आहे, जो हिंदीला लागत नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील अर्थभेद या एका चिन्हावर अवलंबून असल्यामुळे ही बाब केवळ शोभेची नव्हे.

1983 साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला. हा योगायोगच. 1991 हे वर्ष मात्र निर्णायक मानावयास हवे. लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स, भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही तिन्ही त्या वर्षाची. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी मजकूर विंडोजवरील खासगी टंकांतच जुळविला जात राहिला. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. टंक नसला की मजकुराची निरर्थक रोमन रांग होई.

या प्रदेशाला असे कुलूप अपरिचित नाही. रिद्धपूर हे ज्यांचे श्रद्धास्थान, त्या महानुभावांचे पुष्कळ ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा ते पंथाबाहेरील अभ्यासकांना वाचता येऊ लागले. पंथाने कुलूप घातले ते ग्रंथ जपण्यासाठी. टंकांचे कुलूप विक्रीसाठी होते, एवढाच भेद.

व्यापारी प्रणालीने मराठीची निव्वळ उपेक्षा केली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विंडोज 2000 मध्ये युनिकोड देवनागरी आली, आणि तिचा ‘मंगल’ टंक र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने रेखाटला होता. परंतु त्यातील ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे. ते बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्यास नव्हता. उलट 2004 मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘लोहित’ कोणालाही उघडता, दुरुस्त करता व पुन्हा वाटता येई. किंबहुना मुक्त प्रणालीचा खरा लाभ येथेच आहे. ती फुकट मिळते, हा दुय्यम.

अर्थात मुक्त प्रणालीने सर्वच प्रश्न सुटत नाहीत. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ‘वऱ्हाड’ हे दोन भिन्न शब्द वाटू शकतात. ही अडचण दोन्हीकडे आहे. मुक्त प्रणालीत शोधाचा मूळ आज्ञासंच एखाद्या विद्यापीठ-विभागालाही सुधारता येतो, इतकेच.

तरी निवड झाली ती लिपीवरून नव्हे, शिक्षणावरून. केरळने शालेय संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी हातांना विंडोजची सवय लावली. केंद्र शासनाचे मुक्त प्रणालीला प्राधान्य देणारे धोरण 2015 मध्ये आले, तोवर ही सवय मुरली होती. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित साहाय्य थांबले, आणि पुढील आवृत्ती न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांपुढे हा प्रश्न पुन्हा आला आहे. जेथे वऱ्हाडी बोलीची संकलने जुन्या टंकांत आहेत, तेथे ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम, प्रणाली कोणतीही निवडली तरी, करावेच लागेल.