पात्याची बिजागरी

1923 मध्ये स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचा ऑटोगायरो (डोक्यावर पाती फिरणारं विमान) सरळ उडाला, तो पात्यांच्या बुंध्याशी बसवलेल्या बिजागरीमुळे. त्याची आधीची यंत्रं एका अंगाला कलंडत. पात्यांना वर-खाली डोलायची मुभा मिळाली आणि रोटरच्या दोन बाजूंवरचा असमान जोर कण्यापर्यंत पोचेनासा झाला.

तशीच बिजागरी 1941 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, ग्रँडपाज नॉब टेकडीवर दिसते. पामर पटनम यांची 1.25 मेगावॉटची पवनचक्की: 53 मीटर व्यास, दोन पोलादी पाती, डोलणं आवरायला डँपर. 1943 मध्ये मुख्य बेअरिंग गेलं. युद्धाच्या टंचाईत चक्की दोन वर्षं बंद. बुंध्याशी तडे आहेत हे ठाऊक असूनही मार्च 1945 मध्ये ती पुन्हा सुरू केली आणि त्याच महिन्यात एक पातं तुटून उडालं.

1957 मध्ये वाटा फुटल्या. जर्मनीत उलरिख ह्युटर यांनी दोन फायबरग्लासची पाती एकत्र जोडून अख्खा रोटरच सी-सॉच्या फळीसारखा डोलता ठेवला. डेन्मार्कमध्ये गेडसरला योहानेस युल यांनी तीन पाती हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, घट्ट बसवली, वर एकमेकांना ताण-तारांनी बांधली. दिसायला ओबडधोबड, पण ती चक्की दहा वर्षं फारशा डागडुजीविना चालली. जर्मनांनी मात्र 1983 च्या 100 मीटर व्यासाच्या ग्रोविआन या चक्कीला पुन्हा डोलता हबच दिला. तडे जात राहिले आणि ती एकूण सुमारे 420 तासच फिरली.

युलची वाट टिकली, यामागे हवेचा हात आहे. पातं वाऱ्याच्या तोंडावर झुकलं की वारा त्याला जास्त कोनात भिडतो, उचल वाढते आणि पातं मागे रेटलं जातं. हा फुकटचा डँपर. शिवाय दोन पात्यांचा रोटर आडवा असताना वाऱ्याकडे वळवायला जड आणि उभा असताना हलका, म्हणून हिसके बसतात; तीन पात्यांचा कायम सारखाच.

पण फुकटच्या डँपरलाही मर्यादा आहे. युलच्या पठडीतल्या चक्क्या जोराच्या वाऱ्यात ‘स्टॉल’वर विसंबत: प्रवाह पात्यापासून सुटायचा आणि वीजनिर्मिती आपोआप आटोक्यात राहायची. या अवस्थेत कोन वाढला तर उचल घटते, म्हणजे हवा कंप शमवण्याऐवजी त्याला खतपाणी घालते. 1990 च्या दशकात पाती लांबली आणि कडेच्या दिशेने थरथरू लागली. काहींच्या पोटात डँपर बसवावे लागले.

आजच्या बहुतेक मोठ्या चक्क्यांना तीन पाती असतात. त्यांच्या बुंध्याशी डोलणारी बिजागरी नसते. पातं स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून वाऱ्याशी कोन बदलणारं बेअरिंग असतं.