तयारीचा खर्च कोणी करायचा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझं कॅम्पस सिलेक्शन झालं नाही. मग पुण्यात एक कोर्स लावला. जावा, अ‍ॅप्टिट्यूड, इंटरव्ह्यूला कसं बसायचं, कसं बोलायचं, असं सगळं त्यात होतं. फीसाठी बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं. “चार वर्षं शिकलास ना? मग हे कशासाठी?” एवढंच त्यांनी विचारलं.

“जॉब रेडी व्हायला.”

त्या रात्री बाबा पहिल्यांदाच बोलले. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ते ‘कमवा आणि शिका’मध्ये होते. सकाळी बागेला पाणी घालायचं, मग लेक्चरला बसायचं. आजोबांकडे पैसे मागावे लागले नाहीत. मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? “वर्गातली बाकीची पोरं बघायची रे,” ते म्हणाले.

ही योजना आली कुठून, ते मी नंतर वाचलं. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि कामंही सगळी स्वतःच करायची. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. १९४७मध्ये बाबांचं कॉलेज उभं राहिलं, तेही याच तत्त्वावर. भाऊराव एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते. शेतकऱ्याच्या घरात फीला पैसे नसतात, पण राबणारे हात असतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

पुढे १९६१मध्ये देशात अ‍ॅप्रेंटिस कायदा आला. कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यायचे आणि शिकण्याच्या काळात त्यांना विद्यावेतन द्यायचं, असं ठरलं. म्हणजे साताऱ्यात मुलाच्या श्रमातून शिक्षण निघायचं, तर या कायद्याने तयारीचा भार मालकावर टाकला. माझ्या वेळी मात्र तो पतपेढीमार्गे बाबांवर आला. कंपनीला तयार माणूस हवा होता, पण त्याला तयार करण्याचा खर्च आमच्या घराने केला.

जुनं सगळं छानच होतं, असं मी म्हणणार नाही. बागेला पाणी गरिबाचाच मुलगा घालायचा, आणि त्याची लाज बाबांनी तीस वर्षं मनात ठेवली. पण त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं.

आता मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. बहुतेकांच्या सीव्हीत असल्याच एखाद्या कोर्सचं सर्टिफिकेट असतं. पूर्वी मी त्याबद्दल तांत्रिक प्रश्न विचारायचो. हल्ली ते नाव दिसलं, की आधी पतपेढीचं पासबुक आठवतं. माझा शेवटचा हप्ता नोकरी लागल्यावर दीड वर्षाने फिटला. तो भरायला बाबा स्वतः गेले होते.