रोमच्या पाण्याचा हिशेब

रोमचे दगडी जलमार्ग जगप्रसिद्ध आहेत. परंतु ते बांधणाऱ्यांइतकेच ते राखणाऱ्यांचे वृत्तही बोधप्रद आहे. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने, पूर्वी ब्रिटनचे सुभेदारपद भूषविलेल्या फ्रॉन्टिनसकडे नगराच्या पाणीपुरवठ्याचा कारभार सोपविला. अधिकाऱ्याने केवळ हाताखालच्यांच्या सल्ल्याने चालावे, हे त्याला लाजिरवाणे वाटे. म्हणून त्याने स्वतः जलमार्गांची तपासणी केली व त्यांवर ग्रंथ लिहिला.

सरकारी दप्तरात पाण्याची जमा १२,७५५ क्विनारिया होती आणि वाटप १४,०१८! जमेहून खर्च अधिक कसा? उगमाशी मोजले, तेव्हा पाणी दप्तरातील आकड्याहून सुमारे १०,००० क्विनारियांनी अधिक भरले. चोरनळ्या घालून मधल्यामध्ये पाणी विकले जात होते. क्विनारिया हे नळीच्या तोंडाचे माप. प्रवाहाच्या वेगाचा हिशेब त्यात नसे. तरीही त्या अपुऱ्या मापानेच चोरी उघडकीस आणली.

देखभालीसाठी ७०० गुलाम होते, २४० राज्याचे व ४६० सम्राटाचे. पण वशिल्याने किंवा मुकादमांच्या हयगयीने ते खाजगी कामांवर जात. फ्रॉन्टिनसने शिस्त घातली: उद्याचे काम आदल्या दिवशी ठरावे आणि झालेले काम रोजच्या रोज नोंदले जावे. नगर तहानेले राहू नये, म्हणून दुरुस्तीसाठी एका वेळी एकच जलमार्ग बंद करावा, असा त्याचा दंडक होता.

राबणाऱ्या त्या गुलामांपैकी बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. रोमची तहान मात्र त्यांच्याच हातांनी भागली.