रामदास बोटीचा शेवटचा अर्धा तास

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारी.

सकाळी ७
मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. सणाला घर गाठायची घाई असलेले चाकरमानी, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी, काखेत पोरं. बोट अलिबागकडच्या रेवसला जाणारी. ‘रामदास’ माझी आगबोट कंपनीची. गोऱ्यांच्या बोटींशी टक्कर द्यायला आपल्याच माणसांनी सहकारातून ही कंपनी उभारली, बोटींना संतांची नावं दिली. लोकांचा तिच्यावर घरच्यासारखा जीव होता.

त्या गर्दीतली एक बाई मी मनाने उभी केली आहे. बोचक्यात सासऱ्यांसाठी नवं धोतर, हाताशी सात वर्षांचा मुलगा. तशा किती तरी जणी त्या दिवशी बोटीत होत्या.

सकाळी ८
भोंगा झाला. बोटीत सातशेच्या आसपास माणसं. बिनतारी यंत्र मात्र नाही. दीड तासाच्या फेरीला ते कशाला हवं, असंच तेव्हा सगळे धरून चालत. त्याच ‘कशाला’ची मला आजही चीड येते.

“आये, रेवस दिसतंय का गं?”

“आत्ताशी धक्का सुटला, बाबा. गप बस.”

सव्वाआठ
बंदराचा आडोसा संपला. पाऊस सडकून लागला आणि वाऱ्याने जोर धरला. अमावास्येचं उधाण. भिजू नये म्हणून लोक ताडपत्रीच्या आत सरकले. बाईने पोराला पदराखाली घेतलं, बोचकं मांडीखाली दाबलं. धोतर भिजायला नको.

साडेआठ
काशाचा खडक, नकाशातलं गल आयलंड, जवळ आला. एक लाट बोटीत शिरली. घोट्याला पाणी लागताच माणसं उठली आणि कोरड्या बाजूला धावली. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? पण शेकडोंचं वजन एका अंगाला गेलं आणि बोट तिकडे कलली. तेवढ्यात दुसरी, त्याहून मोठी लाट.

आठ पस्तीस
बोट आडवी झाली. ताडपत्रीखाली होते ते तिच्यातच गुंतले. बाईच्या हातात पोराचं मनगट होतं. मग सदऱ्याची बाही होती. मग पाणी.

सकाळी ९ नंतर
मुंबई हाकेच्या अंतरावर आणि मुंबईला पत्ता नाही. कचेऱ्या उघडल्या, ट्राम धावल्या. स्वातंत्र्य २९ दिवसांवर आलेलं. रेवसला इरलं पांघरलेला एक म्हातारा सुनेची आणि नातवाची वाट बघत उभा, असं मला दिसतं. बोटीला पावसाने उशीर झाला असेल, असं तो शेजारच्याला सांगतो.

मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांना आधी दिसली ती पाण्यावरची डोकी. त्यांनी मासळी समुद्रात फेकली, होड्या रिकाम्या केल्या आणि हाताला लागेल तो माणूस आत ओढला. ती मासळी म्हणजे त्यांची त्या दिवसाची कमाई होती. त्यांच्यामुळे सुमारे ७५ जीव वाचले. सहाशेहून अधिक गेले.

दुपारी ३
लाइफबॉयच्या आधाराने तरंगत अलिबागकडचा एक लहान मुलगा गेटवे ऑफ इंडियापाशी आला. त्याच्याकडून कळलं, तेव्हा कुठे मुंबईची चक्रं हलली. बोट बुडून सहा तास उलटून गेले होते.