उसनी न मिळणारी ढाल

१९९२ साली हवाई बेटावरील पुना या पपईच्या मुख्य पट्ट्यात रिंगस्पॉट विषाणू आढळला आणि मावा किडीमार्फत पसरत त्याने बागांमागून बागा उद्ध्वस्त केल्या. डेनिस गोन्साल्वेस व सहकाऱ्यांनी त्याआधीच या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक पपईत बसवले होते. त्या जनुकापासून बनणाऱ्या आरएनएच्या आधारे झाड तशाच क्रमाचा विषाणूचा आरएनए ओळखते आणि तोडून टाकते. १९९८ मध्ये ‘रेनबो’ वाणाचे बियाणे शेतकऱ्यांना मोफत मिळाले. बागा पुन्हा उभ्या राहिल्या. मात्र हे संरक्षण क्रमाच्या साम्यावरच टिकते. भारतातील विषाणूचे प्रकार हवाईतील प्रकाराहून वेगळे आहेत. म्हणून भारतीय पपईची ढाल येथील विषाणूच्या जनुकांतूनच घडवावी लागेल.