सातबाऱ्यातला रिकामा रकाना

वऱ्हाडचा इतिहास हा कापसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८५३ मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८७० मध्ये कापसासाठी खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला. या इतिहासात सावकार आहे, जिनिंग-प्रेसिंग आहे, देशमुख-पाटील आहेत. पाणी मात्र नाही. कापूस कोणी पिकवला याचे उत्तर अर्धेमुर्धे तरी मिळते. पाणी कोणाच्या वावरात गेले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. तो विचारल्याशिवाय आजच्या हवामानबदलाच्या चर्चेला अर्थ नाही, असे माझे म्हणणे आहे.

वऱ्हाडची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून येथे दुष्काळ पडत नाही, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. कापूस नेण्यासाठी रेल्वे आली. शेतापर्यंत पाणी आले नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ती समजूत खोटी ठरवली. ज्वारीच्या वावरांत कापूस शिरला होता आणि कापूस खाता येत नाही. धान्य विकत घेण्याची ऐपत नसलेले मजूर आणि लहान कास्तकार यांच्यावर या दुष्काळाचा घाला पडला. पाऊस सगळ्यांच्याच शेतात चुकला होता. मरण मात्र सगळ्यांना सारखे आले नाही.

आपल्या चळवळीला पाण्याचे मोल कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी माणूसपणाचा हक्क बजावला. इकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. हे पाणी ओंजळीचे होते, आणि ओंजळीसाठीही रक्त सांडावे लागले. पुढे डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला; हजारो माणसे तुरुंगात गेली. जमिनीची ती मागणी रास्तच होती. परंतु शेताच्या पाण्याचा सत्याग्रह व्हायचा राहून गेला.

खरे तर बाबासाहेबांचा विचार याच्या पुढे गेलेला होता. लहान शेतजमिनींवरील १९१८ च्या निबंधात त्यांनी सांगितले की शेत किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. भांडवल, अवजारे, श्रम यांचे जमिनीशी असलेले प्रमाण पाहावे लागते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतीसाठी राज्याने काय पुरवावे याची यादी आहे. त्या यादीत बैल, अवजारे, खत, बियाणे यांच्या आधी पाणी येते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे व वीज ही कामे त्यांच्याकडे होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पाण्याशिवाय एकराला किंमत नाही, हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. कमाल जमीनधारणा कायद्याच्या १९७५ च्या सुधारणेनुसार कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकर ठेवता येते, बारमाही पाण्याची १८ एकर. म्हणजे ओलिताचा एक एकर कोरडवाहूच्या तीन एकरांबरोबर. आता २००४ ची दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना पाहा. त्यात भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन. इथे एकास दोन! दोन्हीकडच्या वर्गवाऱ्या तंतोतंत सारख्या नाहीत हे मान्य. पण मोठ्या जमीनदाराची कोरडवाहू जमीन मोजताना वापरलेले उदार माप भूमिहीनाच्या वाट्याला आले नाही, हे उघड आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा हिशेब आणखी क्रूर होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते पिकाला दिले तर जमीन चोपण होते. येथे सव्वा एकरवाल्या कास्तकाराने काय करावे? अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीच्या बाबासाहेबांच्या नावाच्या स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टरची अट ठेवली गेली. ती तो पुरी करतो, पण विहिरीचे पाणी खारे. पावसाचे गोडे पाणी साठवावे, तर २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टरची अट. विहिरीला जमीन पुरते तर पाणी खारे. तळ्याचे पाणी गोडे तर जमीन अपुरी. आणि ३० मीटर लांबी-रुंदीचे तळे खणलेच, तर बांधासह पाव एकराच्या आसपास रान त्यातच जाते.

माझ्या आजोबांनी ई-क्लासची जमीन कसली आणि पुढे ती त्यांच्या नावावर झाली. तिच्या पिकावर नव्हे, तर आईच्या मजुरीवर मी शिकलो. माझे वडील सगळा प्रश्न एका वाक्यात सांगतात : “वावर सातबाऱ्यावर हाये, पानी आभायात हाये.” आता ते आभाळही पूर्वीचे राहिलेले नाही. पेरणीनंतर तीन-तीन आठवडे ओढ आणि मग एका रात्रीत आठवड्याचा पाऊस, हे आम्ही पाहतो आहोत. ज्याची विहीर भरलेली आहे तो ओढीत एक पाणी देऊन पीक वाचवतो. ज्याची नाही तो दुबार पेरणीसाठी कर्ज काढतो.

याला ‘अस्मानी’ म्हणून मोकळे होता येणार नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने सिंचनाचा अनुशेष जिल्हावार मोजला. वऱ्हाडवरचा अन्याय त्यामुळे आकड्यांत आला, हे तिचे श्रेय. पण जिल्ह्याच्या आत कोणाचे शेत भिजले, हे त्या मोजणीत येत नव्हते. २००३ च्या राज्य जलनीतीने पाणीवाटपात उद्योगाला शेतीच्या आधी बसवले. २०११ मध्ये तो क्रम बदलावा लागला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून हवामानबदलाला तोंड देण्यासाठी कृषी संजीवनी प्रकल्प आला आणि खारपाणपट्ट्यातील गावेही त्यात आली. परंतु त्यात वैयक्तिक कामाचा खर्च आधी शेतकऱ्याने करायचा, अनुदान मागाहून खात्यात. ज्याच्या हाती आधीच पैसा आहे त्याला हे सोपे. हातावर पोट असलेल्याला सावकाराचे दार.

सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात सिंचनाच्या साधनाचा एक रकाना असतो. गावातील सगळे उतारे एकत्र ठेवून तो कोणाचा भरलेला आणि कोणाचा रिकामा, हे जातवार आणि एकरवार पाहायला हवे. हे काम सरकारी समितीची वाट पाहत बसण्याचे नाही. आपल्या महाविद्यालयांतून वस्त्यांवरची मुले शिकत आहेत; त्यांनी आपापल्या गावापासून सुरुवात करावी. अनुशेषाचा पुढचा हिशेब मागायचा तर तो या यादीच्या आधारे मागावा लागेल.