ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट : इंटरनेटवर माणसे इतकी का भांडतात?

समोरासमोर बोलताना ‘तुमचे म्हणणे मला पटले नाही’ एवढ्यावर थांबणारा माणूस कमेंटमध्ये मात्र अनोळखी व्यक्तीची अक्कल काढतो, जात काढतो, कधी थेट धमकीही देतो. स्क्रीनसमोर बसल्यावर आपला नेहमीचा संकोच गळून पडतो, यालाच मानसशास्त्रात ‘ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट’ म्हणतात.

संकोच का सुटतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये याच नावाचा शोधनिबंध लिहिला आणि सहा कारणे मांडली :

- निनावीपणा : खरे नाव लपलेले असले की बोलण्याची जबाबदारी आपली वाटत नाही.
- अदृश्यता : समोरच्याला आपण दिसत नाही आणि तोही आपल्याला दिसत नाही.
- वेळेचे अंतर : घाव घालून निघून जाता येते. त्याचा परिणाम त्याच क्षणी पाहावा लागत नाही.
- मनातला आवाज : दुसऱ्याने लिहिलेले आपण आपल्याच मनातल्या सुरात वाचतो. साधे ‘बरं’ही कुत्सित वाटू शकते.
- खेळ असल्याची भावना : ‘हे काही खरे जग नाही’ असे वाटते.
- अधिकाराचा धाक नसणे : शिक्षक, अधिकारी, वडीलधारे सगळे एकाच पातळीवर येतात.

हा परिणाम नेहमी वाईटच असतो असे नाही. याच कारणांमुळे काही जण नैराश्य, आजार किंवा घरातल्या छळाबद्दल ऑनलाइन पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू शकतात. सुलर यांनीही सौम्य आणि विषारी असे दोन प्रकार सांगितले आहेत.

दोष फक्त फेक अकाउंटचा?

‘सगळ्यांना खरे नाव सक्तीचे करा, ट्रोलिंग थांबेल’ असे अनेकदा सुचवले जाते. दक्षिण कोरियाने हे करून पाहिले. 2007 पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यापूर्वी ओळख पटवून देणे सक्तीचे होते. 2011 मध्ये सायबर हल्ल्यात तिथल्या दोन लोकप्रिय सेवांच्या सुमारे 3.5 कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट 2012 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. बेकायदा मजकूर तिच्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, असे न्यायालयाचे निरीक्षण होते.

मग नेमके काय बिघडते? इस्रायलमधील संशोधक नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जोड्यांना चॅटवर एका पेचप्रसंगावर चर्चा करायला लावली. काहींची नावे लपवली, काही एकमेकांना दिसत नव्हते, तर काहींना वेबकॅमवरून एकमेकांच्या डोळ्यांत पाहता येत होते. शत्रुत्वाच्या भाषेला सर्वाधिक हातभार लावला तो नजरानजर नसण्याने. त्यापुढे निनावीपणाचा वाटा कमी ठरला. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसला की आपण आपोआप आवरते घेतो. कमेंट लिहिताना हा लगामच नसतो. म्हणूनच सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांची नावे माहीत असूनही भांडणे पेटतात.

ट्रोल कोण होतो?

2017 मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी काही लोकांना आधी सोपी किंवा अवघड चाचणी दिली आणि मग एका लेखाखाली कमेंट लिहायला सांगितले. चाचणी सोपी आणि आधीच्या कमेंट साध्या असतील, तेव्हा सुमारे 35 टक्के जणांनी ट्रोलिंगसारखे लिहिले. चाचणी अवघड आणि आधीच्या कमेंटही विखारी असतील, तेव्हा हे प्रमाण 68 टक्क्यांवर गेले. बिघडलेला मूड आणि आधीपासून पेटलेली चर्चा एकत्र आली, तर एरवी साधा वागणारा माणूसही ट्रोल होऊ शकतो.

याला दुसरी बाजूही आहे. डेन्मार्कमधील अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांच्या अभ्यासानुसार, राजकीय चर्चेत ऑनलाइन आक्रमक असणारे लोक प्रत्यक्षातही बहुधा तसेच असतात. फरक इतकाच की कट्ट्यावरचा आरडाओरडा चार जण ऐकतात, तर ऑनलाइन तो हजारोंना दिसतो.

रागाला मिळणारे बक्षीस

येल विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये 7,331 वापरकर्त्यांच्या 1.27 कोटी ट्वीट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या संतप्त ट्वीट्सना जास्त लाइक्स आणि रिट्वीट्स मिळाले, ते पुढे आणखी संतापाने लिहू लागले. म्हणजे रागावणे ही तिथे शिकली जाणारी सवय ठरते आणि आपण दिलेला प्रत्येक लाइक ती सवय पक्की करतो.

आपण काय करू शकतो?

- राग आला असेल तर उत्तर लिहा, पण लगेच पाठवू नका. थोड्या वेळाने पुन्हा वाचा.
- हेच वाक्य त्या व्यक्तीच्या तोंडावर म्हणाल का, हे स्वतःला विचारा.
- ओळखीच्या माणसाशी वाद वाढला तर टायपिंग थांबवून फोन करा.
- विखारी पोस्टवर टीका करण्यासाठीही ती शेअर करू नका. त्यामुळे ती आणखी पसरते.

धमकी किंवा पाठलाग होत असेल तर वाद घालत बसू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, अकाउंट ब्लॉक करा आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 नुसार धमकी देणे हा गुन्हा आहे आणि ती नाव लपवून दिली असेल तर जादा शिक्षेची तरतूद आहे. स्क्रीनमागे लपलेल्याला ‘हे खरे जग नाही’ असे वाटत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते खरेच असते.